मखाण्याचा माल पारखायचा कसा: नागपुरात या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

श्रावण, नवरात्र, एकादशा हे तर होतंच, आता जिमवाली पोरं आणि शुगर असलेले काका पण मखाणाच खाऊन राहिले, त्यामुळे नागपुरात या धंद्यात नवीन माणसं भरपूर येत आहेत. कोणी बचत गटातून मसाला मखाणे विकतंय, कोणी इतवारीतून दोन-चार पोती उचलून गल्लीतल्या किराणा दुकानांना पुरवतंय, कोणी थेट बिहारहून माल मागवायचं म्हणतंय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, की चांगला मखाणा ओळखायचा कसा. त्यावर बाजारात उत्तर मिळतं की पांढरा बघा, मोठा बघा, घ्या.

हे उत्तर चुकीचं नाही पण अपुरं आहे. रंग आणि साइज डोळ्याला लगेच दिसतात म्हणून सगळे तेवढंच बघतात. पैसा मात्र वजनातून जातो. ओलावा, ठुर्री (नीट न फुललेला, टणक राहिलेला दाणा) आणि चुरा या तिन्ही गोष्टी वजनदार, आणि मखाणा स्वतः इतका हलका की या तिन्ही तुम्ही मखाण्याच्याच भावानं विकत घेऊन बसता. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात डोळ्यापेक्षा काट्याचं काम जास्त आहे, ते थोडं कंटाळवाणं वाटेल, तरी करा.

आधी माल बनतो कसा ते समजून घ्या

मखाणा कमळाच्या बीपासून होतो असं पुष्कळ जण समजतात. तसं नाहीये, ही वेगळी काटेरी पानांची पाणवनस्पती आहे, वॉटर लिलीच्या कुळातली. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांत शिंगाडा होतो, तसा हा बिहारच्या तळ्यांत आणि पाणथळ शेतांत होतो. देशातला बहुतेक माल तिथूनच येतो: दरभंगा, मधुबनी, सहरसा, सुपौल, पूर्णिया, कटिहार, अररिया हे सगळे जिल्हे. पूर्णियाची गुलाबबाग मंडी या धंद्यात मोठं नाव आहे. मिथिला मखाण्याला २०२२ मध्ये जीआय टॅग मिळाला, दरभंग्यात मखाण्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००२ पासून आहे आणि २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये मखाणा बोर्डाची घोषणा झाली. जीआयचं एवढंच सांगतो की तो टॅग माल कुठला आहे ते सांगतो, तुमच्या समोरच्या पोत्यात ठुर्री किती आहे ते सांगत नाही.

प्रक्रिया नीट वाचा, कारण मालातला प्रत्येक दोष यातल्या कुठल्या तरी टप्प्यावर जन्माला येतो. पिकलेलं बी फुटून पाण्याच्या तळाशी जाऊन बसतं, मल्लाह समाजातले लोक ते चिखलातून गोळा करतात, पाण्यात उतरून, बुड्या मारून, फार कष्टाचं काम आहे ते. या काळ्या टणक बीला गुरी म्हणतात. ती धुऊन, उन्हात वाळवून, चाळण्यांनी साइजप्रमाणे वेगळी करतात, मग कढईत पहिली भाजणी होते, त्यानंतर दोन-तीन दिवस ती तशीच मुरत ठेवतात म्हणजे आतला ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि दाणा सालीपासून सुटतो. मग जास्त आचेवर दुसरी भाजणी, आणि तापलेली गुरी मूठभर काढून फळीवर ठेवायची आणि लाकडी थापीनं एक फटका, साल फुटते आणि आतला दाणा फुलून बाहेर येतो. हे सगळं काही सेकंदात व्हावं लागतं. शेवटी बांबूच्या टोपलीत घासून साल काढतात, थोडी चमक येते. आता मशीनवर पण फोडतात पण हातानं फोडलेला माल अजून भरपूर आहे. अडीच ते तीन किलो गुरीतून साधारण एक किलो मखाणा निघतो, म्हणून तो स्वस्त असूच शकत नाही.

आता दोष जुळवून बघा. बी कोवळं होतं, किंवा मुरायला वेळ दिला नाही, किंवा आच कमी पडली, तर दाणा अर्धाच फुलतो, मध्ये दगडासारखा राहतो, तीच ठुर्री. आच जास्त झाली तर तपकिरी, जळका. टोपलीत नीट घासलं नाही तर लालसर-काळ्या सालीचे तुकडे चिकटून राहतात. आणि फोडल्यावर दमट जागी पडून राहिला तर मऊ.

साइज: सूत म्हणजे काय

मखाण्याचा ग्रेड सूतमध्ये बोलतात. आपल्याकडचे सुतार आणि प्लंबर वापरतात तेच सूत, इंचाचा आठवा भाग. ४ सूत म्हणजे अर्धा इंच, साधारण १२.७ मिलिमीटर, ५ सूत म्हणजे १५.९ आणि ६ सूत म्हणजे १९ मिलिमीटर. व्यापारी "पाच प्लस" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ५ सूतच्या चाळणीवर राहिलेला माल. "हँडपिक" म्हणजे चाळल्यावर हातानं निवडून डागी, वेडावाकडा, ठुर्रीवाला दाणा बाहेर काढलेला, हा सगळ्यात महाग. याशिवाय प्रत्येक गावात, प्रत्येक व्यापाऱ्याकडे आपापली नावं असतात, जंबो म्हणे, राजा म्हणे, प्रीमियम म्हणे, त्या नावांच्या मागे लागू नका कारण एकाचा प्रीमियम दुसऱ्याचा मिक्स असतो. तुम्ही विचारायचं ते असं, कोणत्या सूतच्या वर, शंभर ग्रॅममध्ये वजनानं किती टक्के त्याच्या वर.

मोठा घ्यायचा की छोटा हे तुम्ही त्याचं काय करणार यावर आहे. पारदर्शक पाकिटात साधा मखाणा विकायचा असेल तर मोठा, एकसारखा लागतो, गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं. भाजून मसाला लावायचा असेल तर साइज एकसारखी असणं जास्त महत्त्वाचं, मोठेपणा नंतर, कारण मिक्स माल भाजला की छोटे दाणे करपतात तोपर्यंत मोठे आतून कच्चेच राहतात. ४ सूतचा चांगला कुरकुरीत माल मसाल्यासाठी उत्तम चालतो, उलट मसाला धरायला जागा जास्त मिळते. खीर, भाजी, लाडू किंवा मखाण्याचं पीठ करायचं असेल तर साइजवर पैसे घालूच नका, तुकडा माल घ्या, फक्त स्वच्छ आणि ताजा. बचत गटातल्या ताई ६ सूत घेऊन त्याचं पीठ करायला बसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

सामान काय लागतं

फार काही नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, मोठा काटा पोत्यासाठी, एक व्हर्नियर किंवा निदान पट्टी, काळं सुती कापड, एक लिटरचं माप, झिपवाल्या पिशव्या आणि मार्कर. चाळणीसाठी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तीन पत्रे करून घ्या, १२.७, १५.९ आणि १९ मिलिमीटरची गोल छिद्रं पाडलेले, कडा घासून गुळगुळीत, नाही तर दाणे तुटतात आणि तुम्हीच चुरा तयार करता. घरी ओव्हन असेल तर बरं.

सॅम्पल काढणं, इथंच बहुतेक जण फसतात

दुकानदार पोत्याचं तोंड उघडतो, वरची ओंजळ दाखवतो. वरची ओंजळ कधीच पूर्ण पोतं नसतं. मखाण्यात तर अजिबातच नाही, कारण प्रवासात हलून-हलून चुरा, सालीचे तुकडे आणि जड ठुर्री खाली जाऊन बसतात आणि मोठे हलके दाणे वर येतात. म्हणजे कोणी लबाडी केली नाही तरी वरचा माल खालच्यापेक्षा चांगलाच दिसतो.

कळमन्यात तूर-चण्याच्या पोत्यात परखी (नमुना काढायची टोकदार पोकळ नळी) खुपसतात तशी इथं खुपसू नका, दाणे चुरडतात आणि परखीत मोठा दाणा शिरत पण नाही. पोतं ताडपत्रीवर रिकामं करा. मखाण्याचं पोतं मोठं दिसलं तरी हलकं असतं, साधारण ८ ते १० किलोचं, एक माणूस सहज उलटवतो. लॉट मोठा असेल तर सगळी पोती शक्य नाही, मग वर्गमूळाचा हिशोब ठेवा, २५ पोत्यांमागे ५, १०० पोत्यांमागे १०, आणि ती पोती तुम्ही निवडा, थप्पीच्या वेगवेगळ्या जागेवरून, भिंतीला लागून असलेलं आणि सगळ्यात खालचं एक-एक नक्की.

ओतलेला ढीग हलक्या हातानं मिसळा, थोडा सपाट करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, बाकीचे दोन बाजूला, परत मिसळा, परत चार भाग. असं करत-करत अर्धा किलोपर्यंत या. तळाचा चुरा पण त्यात आला पाहिजे, तो झटकून टाकायचा नाही, तोच तर मोजायचाय. हा अर्धा किलो तुमचा सॅम्पल, पुढची सगळी तपासणी यावरच. आणि हे सगळं दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या बल्बखाली पांढरा माल पिवळट दिसतो, आणि कडक पांढऱ्या एलईडीखाली पिवळट माल पण पांढरा दिसतो. इतवारीतल्या आतल्या गोडाऊनमध्ये उजेड नसतोच, तर सॅम्पल घेऊन रस्त्यावर या, दुकानदाराला राग येत नाही, खऱ्या गिऱ्हाइकाचं लक्षण आहे ते.

डोळा, नाक, हात

काळ्या कापडावर सॅम्पल पसरवा. चांगल्या मखाण्याचा रंग दुधासारखा पांढरा ते अगदी हलका क्रीम, आणि त्यावर लालसर-तपकिरी छोटे ठिपके असतात, सालीच्या आतल्या पापुद्र्याचे. ते नैसर्गिक आहेत, त्याला दोष धरू नका. उलट एकही ठिपका नाही, सगळा माल कागदासारखा सफेद आणि हात लावला की बोटं पांढरी, तर थांबा, विचारा. वरून पावडर चोळलेली असण्याची शक्यता असते. तपासायला सोपं आहे, कापडावर झटकून निघालेली पांढरी पूड वाटीत घ्या, थोडं पाणी, वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर खडूची पूड आहे. बुडबुडे नाही आले तर ती मखाण्याचीच पूड असू शकते, कारण मखाणा स्वतःच स्टार्च आहे. आयोडीनची टेस्ट इथं करू नका, कोणी सांगितली तरी, ती निळी होणारच आणि तुम्ही उगाच चांगल्या मालावर संशय घ्याल.

पिवळटपणा दिसला तर बहुतेक वेळा माल जुना आहे किंवा ओल लागलेली आहे. तपकिरी, जळका वेगळा, त्याचा वास पण धुरकट येतो.

वास घ्यायचा तो पोतं उघडल्या-उघडल्या, दोन मिनिटांनी नाही. कोंदट, बुरशीचा वास आला तर पुढची टेस्ट करायची गरजच नाही, परत बांधायला सांगा. नागपुरात अजून एक भानगड असते, गोडाऊनमध्ये शेजारी मिरचीची पोती, हळद, कधी अगरबत्तीचे खोके, आणि मखाणा हे सगळे वास ओढून घेतो. भिवापुरी मिरची स्वतःच्या जागी फार छान, पण उपवासाच्या मखाण्याला तिचा ठसका लागला तर गिऱ्हाईक पाकीट परत आणून देतं.

आता कीड. दाण्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं, जाळ्याचे धागे, तळाला बारीक भुरकट पूड, यातलं काही दिसलं की वीस-पंचवीस दाणे फोडून आत बघा. शंका असेल तर मूठभर दाणे झिपच्या पिशवीत घालून तासभर उन्हात ठेवा, किडे असतील तर बाहेर येऊन फिरायला लागतात.

मग चिमटीत धरून दाबा. कोरडा मखाणा कडकन आवाज करून फुटतो आणि त्याचा चुरा होतो. दमट मखाणा दबतो, आवाज करत नाही, सोडला की थोडा परत फुगतो. ही टेस्ट एका दाण्यावर करू नका, निदान वीस दाण्यांवर करा, दहा मोठे दहा छोटे. मोठा दाणा कुरकुरीत आणि छोटा मऊ असं पण निघतं.

काट्यावर

अर्ध्या किलोतले बरोबर १०० ग्रॅम घ्या. पहिलं, १९ च्या पत्र्यावरून चाळा, मग १५.९, मग १२.७. प्रत्येक पत्र्यावर राहिलेला माल वेगळा तोला. ग्रॅम तेवढेच टक्के, गणित करायची गरज नाही. दाणे लांबट असतील तर उभे होऊन छिद्रातून जातात, त्यामुळे चाळणी हलवा पण आपटू नका.

दुसरं, आता त्याच शंभर ग्रॅममधून हातानं निवडा: ठुर्री आणि अर्धे फुललेले एका वाटीत, जळके-डागी दुसरीत, सालीचे तुकडे, सुतळीचे धागे, खडे, केस तिसरीत, आणि तुकडे-चुरा चौथीत. प्रत्येक वाटी तोला. मोजू नका, तोलाच. ठुर्रीचा दाणा छोटा पण ठोस असतो, शंभर दाण्यांत दोन ठुर्री दिसल्या तर वाटतं दोनच टक्के, पण वजनानं त्या चार-पाच टक्के भरू शकतात, आणि तुम्ही पैसे वजनानं देताय. ठुर्रीचं अजून एक दुखणं म्हणजे ती भाजून मऊ होत नाही, कोणा आजोबांच्या दाताखाली आली तर दात जायचा, म्हणून पाकीटवाल्या मालात मी तरी याबाबत अजिबात सूट देत नाही.

तिसरं, लिटरचं माप. माप न दाबता भरा, वरून पट्टीनं सपाट करा, तोला. एकाच सूतच्या दोन मालांची तुलना करायची असेल तर ही टेस्ट फार कामाची आहे. ज्याचं लिटर हलकं तो जास्त फुललेला, आणि जड लिटरमध्ये एक तर ठुर्री आहे नाही तर पाणी. तुमच्या आवडीच्या चांगल्या मालाचा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळेस पाच मिनिटांत अर्धी तपासणी होते.

चौथा ओलावा, आणि हा सगळ्यात मोठा. ५० ग्रॅम मखाणे चुरून ओव्हनमध्ये १०५ डिग्रीवर ठेवा, दोन-तीन तासांनी तोला, परत अर्धा तास, परत तोला, वजन कमी होणं थांबलं की झालं. जेवढं घटलं त्याची दुप्पट म्हणजे टक्के. ओव्हन नसेल तर कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, सतत हलवत, रंग बदलू न देता, आणि आधी-नंतर तोला. हा आकडा पक्का नाही, खऱ्यापेक्षा कमीच येतो, पण दोन पोत्यांत कोणतं जास्त ओलं ते नक्की कळतं. कुरकुरीत मालात ओलावा ४-५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असतो, तो जसजसा वर जातो तसतसा कुरकुरीतपणा जातो आणि ८-१० टक्क्यांना तर माल सरळ चिवट लागतो.

आता खरा भाव काढा

भाव रोज बदलतात म्हणून उदाहरणाला गोल आकडा धरू, समजा १००० रुपये किलो. पोतं १० किलोचं, म्हणजे १०,००० रुपये. त्यात ओलावा १० टक्के, ठुर्री ४ टक्के, चुरा आणि कचरा २ टक्के निघाला. ठुर्री आणि चुरा काढला की राहिले ९.४ किलो. त्यात १० टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल ८.४६ किलो. तो वाळवून ४ टक्के ओलाव्यावर आणला तर हातात येतात साधारण ८.८१ किलो. म्हणजे खरा भाव पडला १,१३५ रुपये किलो, वाळवायची मजुरी आणि गॅस वेगळा.

दुसरा व्यापारी १०८० सांगतो, त्याच्याकडे ओलावा ४ टक्के, ठुर्री १ टक्का, चुरा अर्धा टक्का. १०,८०० रुपयांत वापरायला मिळाले ९.८५ किलो, भाव १,०९६. महाग सांगणाराच स्वस्त पडला. हे गणित प्रत्येक लॉटला करा, मोबाईलवर दोन मिनिटं लागतात, आणि दुकानदाराशी बोलताना हा कागद समोर ठेवा, क्वालिटी खराब आहे हो असं म्हणण्यापेक्षा चार टक्के ठुर्री आहे असं म्हटलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

नागपूरच्या हवेचा हिशोब

हे बाहेरचे लोक सांगत नाहीत कारण त्यांना माहीत नसतं. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक, तेव्हा सैल बांधलेल्या पोत्यातला ओलावा आपोआप उडतो. बिहारमध्ये काट्यावर १० किलो भरलेलं पोतं इथं साडेनऊच्या आसपास भरलं तर लगेच चोरी समजू नका, ओलावा तपासा, पाणी उडालं असेल. पण ती घट कोणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरलेलं पाहिजे. उलट जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा म्हणून घेतलेला माल गोडाऊनमध्येच ओला होतो, वजन वाढतं आणि नवखा माणूस खूश होतो. त्या वाढलेल्या वजनावर पाकिटं भरून विकू नका. १०० ग्रॅमचं पाकीट दमट मालानं भरलं आणि पाकिटाचं सील कच्चं असलं तर उन्हाळ्यात तेच ९५ भरेल, आणि वजनमापवाल्यांनी तपासलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

उन्हाळ्यातल्या खरेदीत चिमटीची टेस्ट पण फसवते, वरचा थर उन्हानं कडक झालेला असतो आणि पोत्याच्या पोटात माल नरम. म्हणून मघाशी पोतं पूर्ण उलटवा म्हटलं.

सौदा करताना

लांबून माल मागवताय तर व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर ऑर्डर देऊ नका, फोटो नेहमी सुंदरच असतो. एक किलो सॅम्पल पैसे देऊन मागवा. आला की तपासा, पसंत पडला तर त्याचे दोन भाग करून सीलबंद करा, तारीख टाका, एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. पुढचा माल याच्याशी जुळवायचा. आणि मेसेजमध्ये साध्या भाषेत लिहून घ्या: ५ सूतच्या वर वजनानं इतके टक्के, ओलावा जास्तीत जास्त इतका, ठुर्री इतकी, तुकडा इतका, खडा आणि कीड शून्य, पिकाचं वर्ष हे, पोत्याच्या आत प्लास्टिकचं अस्तर, वजन नेट. त्यापेक्षा जास्त निघालं तर भावात किती कपात आणि कितीच्या वर माल परत, हे पण. दलाल मध्ये असेल तर त्यालाही हाच मेसेज. पक्कं बिल घ्या, जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा, आणि स्वतः पॅक करून विकणार असाल तर फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन आधी काढा, पाकिटावर बॅच नंबर टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, तक्रार आली की कोणत्या लॉटचा माल ते लगेच सापडतं.

भाड्याचं पण बघा. मखाणा हलका आणि जागा खाणारा, त्यामुळे ट्रान्सपोर्टवाले किलोवर नाही तर पोत्यावर किंवा जागेवर भाडं लावतात, ते किलोमागे किती पडलं ते काढून भावात मिळवा, ६ सूतच्या मालाला ते जास्त पडतं कारण पोत्यात किलो कमी बसतात. वर दुसऱ्या कोणाचा जड माल रचू नये हे सांगून ठेवा. पावसाळ्यात ताडपत्री आहे का ते विचारा. गाडी आली की उतरवण्याआधी पोती बाहेरून हातानं चाचपा, ओला पट्टा लागला तर ते पोतं वेगळं काढा, फोटो काढा, ड्रायव्हरच्या पावतीवर तिथंच शेरा लिहून घ्या. गाडी गेल्यावर कोणी ऐकत नाही.

ठेवायचा कसा

जमिनीवर नाही, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब. टिनाच्या शेडखाली उन्हाळ्यात भट्टी होते, माल खराब लगेच होत नाही पण पिवळा पडायला लागतो, म्हणून सावलीची खोली बघा. मिरची-मसाला, साबण, अगरबत्ती त्या खोलीत नको. जूनच्या पहिल्या पावसाआधी सगळी पोती उघडून एकदा ओलावा बघा, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. उघडलेलं पोतं पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत संपवायचं किंवा हवाबंद डब्यात काढायचं. आधी आलेला माल आधी जाईल अशी थप्पी लावा.

थोडा नरम पडलेला माल मंद आचेवर परत भाजला की कुरकुरीत होतो, पण वास लागलेला किंवा बुरशी आलेला माल भाजून सुधारत नाही, तो मसाल्याखाली लपवायचा विचार मनात आणू नका, हे लोकांच्या उपवासाचं आणि आजारी माणसाचं खाणं आहे.

कधी घ्यायचा

नवीन गुरी तळ्यातून साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात निघते आणि नवा मखाणा ऑगस्ट-सप्टेंबरपासून बाजारात दिसायला लागतो. जून-जुलैला जो मिळतो तो मागच्या वर्षीचा असतो. जुना म्हणजे वाईटच असं नाही, चांगला ठेवलेला असेल तर चालतो, पण भाव नव्याचा द्यायचा नाही. नवरात्रीच्या आधी नवा-जुना मिसळून पण येतो, ते ओळखायचं तर काळ्या कापडावर दोन रंगांचे दाणे वेगळे दिसतात आणि चिमटीत दोन वेगवेगळे आवाज येतात.

श्रावणासाठी माल लागणार असेल तर तो मे अखेरपर्यंत कोरड्या हवेत घेऊन, बांधून ठेवा. दिवाळीसाठी सप्टेंबरात सॅम्पल मागवा. आणि पहिली खरेदी कोणाकडूनही करा, पण एकाकडून चार पोती घेण्यापेक्षा दोघांकडून दोन-दोन घ्या, एकाच ग्रेडची, एकाच आठवड्यात, म्हणजे दोन्हींची वहीत शेजारी-शेजारी नोंद होईल आणि तिसरी ऑर्डर कोणाला द्यायची ते तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.